दोनदा थोपटलं की

माझे सासरे दिवसा कारखान्यात लेथ चालवायचे आणि संध्याकाळी एका गोदामाच्या माडीवर ज्यूदो शिकवायचे. नवा विद्यार्थी आला की पहिला आठवडा ते पकड शिकवायचेच नाहीत, फक्त सोडायला शिकवायचे. पकडीत सापडलेल्याने दोनदा थोपटलं की त्याच क्षणी हात सैल झाला पाहिजे. ज्याला उशीर झाला त्याला महिनाभर गादीवर पाय ठेवायला बंदी. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि सगळ्यांचे फाटके सदरे शिवायचे. निम्मे जण तुमच्याकडून शिंपी होऊनच जातात, असा टोमणा मी मारायचे.

एकदा खुद्द त्यांच्याकडूनच माझ्या नवऱ्याला, म्हणजे स्वतःच्या मुलाला, सोडायला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी स्वारी सुई-दोरा घेऊन कोपऱ्यात. पुरा महिना. मी नवी सून होते. डबा घेऊन जिन्यावर बसायचे आणि मनात म्हणायचे, काय हे नाटक.

आता त्यांना यातलं काही आठवत नाही. मला ते 'बाई' म्हणतात, तेही बऱ्या दिवशी. सांभाळायला ठेवलेल्या बाईला त्यांनी ढकलून दिलं, ती परत आली नाही. औषधाच्या दुकानातली माझी रजा संपत आली. शेवटी वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं. हट्ट माझाच होता, खोटं कशाला सांगू. सोमवारी गाडी येणार होती.

शुक्रवारी नवरा कामावर गेल्यावर मी त्यांची बॅग भरायला घेतली. ते खिडकीशी बसले होते. मी कपाटातून त्यांचे कपडे काढते आहे एवढंच त्यांनी पाहिलं असणार. घरात चोर शिरला, असं त्यांना वाटलं. पावलं वाजली नाहीत. एकदम मागून गळ्याभोवती हात आला.

चमचा धरताना थरथरणारा तो हात. आता तो जराही हलत नव्हता. मी तो ओढला, नखं रुतवली, तशी पकड आणखी घट्ट झाली. 'बाबा' म्हणायला गेले, आवाजच फुटेना. कपाटावर लाथा मारल्या. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी इथे मरणार आणि हा माणूस दुपारी मलाच जेवायला मागणार, असं मनात आलं आणि इतकी भीती वाटत असतानाही मला त्यांचा संताप आला.

मग माझ्या हाताला जिन्यावरून पाहिलेलं आठवलं. मी ओढणं सोडलं आणि त्यांच्या दंडावर दोनदा थोपटलं.

काही झालं नाही. पुन्हा दोनदा थोपटलं. आणि हात सुटला.

मी जमिनीवर बसून खोकत होते. ते माझ्या गळ्याकडे बघत होते.

"उशीर झाला माझ्याकडून," ते म्हणाले. दोन वर्षांत इतका स्वच्छ आवाज मी ऐकला नव्हता.

मी उठले, बाहेर पळाले आणि खोलीला कडी घातली. ओट्याला टेकून पाणी प्यायले, अर्धं अंगावर सांडलं. नवऱ्याला फोन लावायला घेतला, पण बोटं चालेनात. आतून काहीच आवाज येत नव्हता. मला त्याचीच जास्त धास्ती वाटायला लागली. पाव तासाने मी दार किलकिलं केलं.

ते कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले होते. एक तळहात मागे पसरलेला, सुईसाठी.

मी कॉलर उसवलेला एक शर्ट काढला, सुई ओवली आणि दोन्ही लांबूनच त्यांच्या हातात दिलं. ते शिवू लागले. टाके वेडेवाकडे पडत होते.

संध्याकाळी नवऱ्याने माझा गळा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. सोमवार कशाला, उद्याच नेऊन सोडतो, म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं.

"थोपटल्यावर सोडलं त्यांनी," मी म्हणाले. "पण उशिरा. महिन्याची शिक्षा आहे. ती संपल्याशिवाय ते कुठेही जाणार नाहीत."

त्याने कोपऱ्यातल्या त्या पाठीकडे पाहिलं. मग त्याने अंगातला शर्ट काढला, त्याचं एक धड बटण ओढून तोडलं आणि शर्ट नेऊन वडिलांच्या शेजारी ठेवला.