राजवाड्याचं पेन

चौऱ्याण्णव साली काष्टीच्या बाजारात एक म्हातारा पेनं दुरुस्त करायचा. थोरल्या भावानं परदेशातून पाठवलेलं पेन मी त्याच्याकडं नेलं. टोपणावर सोनेरी मुकुट, अंगावर तिथल्या जुन्या राजवाड्याचं चित्र. शाई भरून शोकेसमध्ये ठेवलं होतं, तिथंच ती वाळली.

म्हाताऱ्यानं मुकुटाकडं पाहिलंसुद्धा नाही. निब धुतली, धोतराला पुसली आणि पेन माझ्याच हातात दिलं.

“पयलं मालकानं लिवायचं. निब हाताचं वळन घेती.”

मी भावाचं नाव लिहिलं, पेन त्यानंच परदेशातून पाठवलंय हेही सांगितलं.

“ह्या पेनानं त्यास्नी पत्र लिवलं का कधी?”

“नाही. खराब होईल म्हणून वापरलंच नाही.”

“राजवाडाच दावायचा असता, तर फोटू धाडला असता की. त्यांनी पेन धाडलंय.”

तीन वर्षं मी नुसता मुकुट पुसत आलो होतो.