गाडी किती वर्षं ठेवणार?

डिझेल घ्यायचं की पेट्रोल, या एका प्रश्नानं दोन हजार सातच्या हिवाळ्यात माझी झोप उडवली होती. कोणाला हसू येईल. येऊ दे. माझा आणि इंजिनाचा संबंध चावी फिरवण्यापुरताच. पण आमच्या अमेरिकेतल्या, ॲरिझोनामधल्या चँडलरच्या घरात त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता, आणि नवऱ्यानं ‘टॉर्क’, म्हणजे इंजिनाची ओढ, हा शब्द उच्चारला की मी उठून भांडी घासायला लागायची.

गाडी साधीसुधी नव्हती. सात माणसं बसतील अशी अवाढव्य, लेदरच्या सीटांची, दगडधोंड्यांवरून चढणारी आणि वाळूतून निघणारी. नवरा माझा पुण्याचा. जुनी सेडान तो स्पीडब्रेकरवरून अशी नेतो, जणू डिकीत अंडी ठेवलीत. त्या माणसाला अचानक वाळवंट पालथं घालायचं होतं. ऑफिसातले दोघं-तिघं शनिवारी डोंगरात गाड्या घेऊन जायचे, झालं, यालाही सुरसुरी आली. "अगं, ॲरिझोनात राहून ऑफरोड नाही केलं तर काय केलं?" म्हणे. मी म्हटलं, "पापड वाळवले. एका उन्हात होतात."

गाडी ठरली होती, अडलं होतं ते इंजिनावर. एकाच गाडीचे दोन प्रकार. पेट्रोलची स्वस्त, आवाज नाही, कुठल्याही पंपावर भरा. डिझेलची मुळात महाग, तिचा पंपही शोधावा लागायचा, पण प्यायची कमी, चढावर ओढायची जोरात आणि नीट ठेवली तर वर्षानुवर्षं कुरकुर करायची नाही. नवऱ्यानं सगळं वाचून काढलं आणि एका रात्री जेवताना सांगितलं, डिझेलला घातलेले जास्तीचे पैसे वसूल व्हायला सात-आठ वर्षं लागतात. त्याआधी विकायची असेल तर पेट्रोलच बरं. हे त्यानं उद्या ढग येणार म्हणावं इतक्या सहज सांगितलं आणि भाजी वाढून घेतली. माझा घास तोंडातच राहिला.

कारण माझ्या बाबांना आम्ही दोन वर्षं सांगितली होती.

चार वर्षांपूर्वी आई गेली. तिचं सगळं आटोपून नागपूरहून अमेरिकेला निघायच्या आदल्या दिवशी मीच बाबांना म्हटलं होतं, "दोन वर्षं कशीतरी काढा. पोरगी शाळेत जायच्या आत आम्ही परत येतो." नवरा शेजारी उभा होता, त्यानंही मान हलवली होती. आता पोरगी पहिलीत होती, आम्ही ग्रीन कार्डाच्या रांगेत होतो, आणि एवढी रांग लावल्यावर मधेच कसं निघायचं, हे आम्ही एकमेकांना दर सहा महिन्यांनी सांगत होतो. बाबांनी मात्र एकदाही विचारलं नाही, कधी येताय म्हणून. विचारलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. त्यांच्या त्या न विचारण्याचीच मला धास्ती वाटायची.

आमच्या इथल्या मराठी मंडळींतही हे कोणी कोणाला सरळ विचारत नाही. ‘तुम्ही परत जाणार का?’ हा प्रश्न तोंडावर टाकणं म्हणजे अगदीच वाईट दिसतं. त्यामुळे विचारायचं ते सामानावरून. घर भाड्याचं की विकत? सोफा चांगला घेतला की कामचलाऊ? त्या महिन्यातल्या पॉटलकमध्ये, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, आमच्या गाडीची पाळी होती. एकजण म्हणाला, "पेट्रोल घे यार, उद्या जायचं झालं तर आठवड्यात विकली जाईल." त्यावर त्याची बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "डिझेल बघताय? मग पक्कं झालं म्हणायचं तुमचं!" मी हातात मसालेभाताचा डाव घेऊन उभी होते. तिच्या ताटात आणखी भात वाढला. नको नको म्हणत होती ती.

आणि नेमके त्याच आठवड्यात बाबा येणार होते, हिवाळाभर राहायला. विमानतळावर जाताना मी नवऱ्याला बजावलं, "गाडी मोठी आहे, निळी आहे, काय सांगायचं ते सांग. पण त्यांच्यासमोर वर्षांचं काढायचं नाही." तो म्हणाला, "अगं, गाडीचं तर बोलतोय मी." मी म्हटलं, "त्यांनी जन्मभर हायस्कुलात गणित शिकवलंय. तू सात म्हणायच्या आत ते उरलेलं सगळं मांडून बसतील."

पुढचे पंधरा दिवस मी घरात पहारा देत होते. टीव्हीवर गाडीची जाहिरात लागली की चॅनल बदल. नवऱ्यानं तोंड उघडलं की मी मधेच, "बाबा, चहा टाकू?" बाबा म्हणाले, "कितीदा चहा पाजतेस गं, तब्येत बरी आहे ना तुझी?" मला हसूही येईना. रात्री आडवी झाले की डोक्यात तेच चालायचं. पेट्रोल घेतलं तर बाबांना वाटेल, येणार आहेत. डिझेल घेतलं तर कळेल. आणि मला स्वतःला काय हवंय, तिथपर्यंत विचार आला की मी कूस बदलायची.

शनिवारी गाडी चालवून बघायला जायचं ठरलं. बाबांना घरी ठेवायला मी नाही नाही ती कारणं काढली. ऊन आहे, शोरूममध्ये फार उभं राहावं लागतं. "काऊन, मी नको का यायला?" बाबा म्हणाले, आणि इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी दारात उभे राहिले.

सेल्समन मोठा हसरा होता. तो पुढे नवऱ्याशेजारी बसला, मधल्या सीटवर मी आणि बाबा, पोरगी सगळ्यात मागे. आधी पेट्रोलची झाली. ती इतकी शांत की चालू आहे की बंद ते कळेना. मग डिझेलची. तिला थोडी घरघर होती. पोरगी मागून ओरडली, "आजोबा, धिस वन इज ग्रंपी!" बाबांना मजा वाटली. तिला म्हणाले, "कामाची वाटते ही. कामाची माणसं कुरकुरतातच, तुझ्या आईसारखी." मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निभावलं.

गावाबाहेर कच्चा रस्ता लागला, मग खडा चढ. नवऱ्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं आणि गाडी धापा न टाकता सरळ वर निघाली. सेल्समननं तेव्हाच मागे वळून आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि इंग्रजीत म्हणाला, तुमचा निर्णय फार सोपा आहे, मला एवढंच सांगा, गाडी किती वर्षं ठेवणार? सात वर्षांच्या आत विकणार असाल तर पेट्रोल घ्या. त्याहून जास्त ठेवणार असाल तर डिझेल.

बिचाऱ्याचं काय चुकलं? तो रोज दहाजणांना हेच विचारत असेल. पण मी सीटच्या टोकाला सरकले. मी आरशातून नवऱ्याच्या डोळ्यांकडे बघत राहिले. काहीतरी गुळमुळीत बोल रे, बघू म्हण, ठरलं नाही म्हण. पण त्याची नजर चढावर होती. इतकं खूश मी त्याला किती दिवसांत बघितलं नव्हतं. त्या क्षणी तो मला, बाबांना, नागपूरला, सगळ्यांना विसरला होता.

"ओह, टेन इयर्स," तो म्हणाला. "ॲट लीस्ट!"

बाबा खिडकीबाहेर बघत होते. मला त्यांचा फक्त कान आणि कानामागचे पांढरे केस दिसत होते. गाडी चढ चढून सपाटीला लागली तरी ते तसेच बसले होते. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, मग डिझेलच घ्या. दहा वर्षं म्हटल्यावर पैसे वसूल होऊन वर उरतात." आणि मागे वळून नातीला विचारलं, की त्या निवडुंगाला एवढी भोकं कोणी पाडली. ती त्यांना इंग्रजीत सुतारपक्ष्याबद्दल सांगत बसली.

संध्याकाळी गराजमध्ये नवऱ्याला गाठलं. घरात बाबा होते म्हणून दबक्या आवाजात, पण जे यायचं ते सगळं तोंडात आलं. "अक्कल गहाण ठेवली होतीस का? दहा वर्षं? त्यांच्यासमोर?" तो गोंधळून म्हणाला, "तोंडातून गेलं गं. बरं, पेट्रोल घेऊ. उद्या फोन करून सांगतो, पेट्रोल." मला आणखीच चीड आली. "पेट्रोल घेऊन काय होणार आता? ऐकलंय त्यांनी!" तो हळूच म्हणाला, "मी खोटं बोलायला हवं होतं का?" मी वॉशिंग मशीनमधले ओले कपडे काढून ड्रायरमध्ये कोंबले आणि आत निघून गेले.

सकाळी चहा घेऊन बाबांच्या खोलीकडे गेले तर ते फोनवर होते. कॉलिंग कार्डावरून शेजारच्या काकांना लावला होता. नागपूरला रात्र असणार. लांबचा फोन म्हणून बाबा जोरात बोलत होते, दाराबाहेर सगळं ऐकू येत होतं.

"हो ना जी, तब्येत एकदम ठीक. बरं ऐका, तो बँकेतला मुलगा वरच्या मजल्यासाठी विचारून राहिला होता ना? त्याला हो म्हणून सांगून द्या."

वरचा मजला आमचा. आईबाबांनी तो आमच्यासाठीच चढवला होता, आणि आई गेल्यावर घर रिकामं पडलं तरी बाबांनी त्यात भाडेकरू येऊ दिला नव्हता.

"नाही, अकरा महिन्यांचं कशाला? तीन वर्षांचं करून टाका करारपत्र," बाबा म्हणत होते. "ते? नाही जी, ते आता इथलेच. चांगलं चाललंय त्यांचं. मोठी गाडी घेऊन राहिले, डिझेलची. डोंगर चढते!" त्यांच्या आवाजात कौतुक होतं, अगदी मनापासूनचं, आणि तेच माझ्याच्यानं ऐकवेना. कप तिथेच जमिनीवर ठेवला, आत गेले आणि फोन त्यांच्या हातातून ओढून घेतला.

"काका, मी बोलतेय. त्या मुलाला हो म्हणू नका. त्याला थांबायला सांगा."

मला वाटलं बाबा रागावतील. रागावले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

"थांबवू की," ते म्हणाले. "फक्त किती दिवस, ते सांग बेटा. त्यालाही बायको-पोर आहे, त्याला काहीतरी सांगावं लागेल ना."

फोनमधून काका "हॅलो, हॅलो" करत होते. मी तोंड उघडलं. बाबा वाट बघत होते, खरंच वाट बघत होते, मी कुठलाही आकडा म्हटला असता तरी त्यांनी तो धरला असता. मला एकही आकडा म्हणता आला नाही.

मी फोन त्यांच्या हातात परत दिला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो तसाच राहू दिला, आणि काकांना म्हणाले, "हां, काय म्हणून राहिलो होतो मी? तीन वर्षांचं करा."