गंगूला आज शाळेतून नेलं

मैत्रिणींनो, एका तेरा वर्षांच्या मुलीला आज दुपारी पाळीच्या पोटदुखीपायी शाळेतून काढून नेलं, म्हणून लिहिते आहे. वाचून झालं की पत्र नेहमीसारखं पुढच्या घरी पाठवा.

गंगूला पाळीत फार दुखतं. आधीचे चार दिवस ती चिडते, रडते. तिची आई वर्गाच्या दारातूनच म्हणाली, "बाई, पोरीला दर महिन्याला लागीर होतंय. पाटोद्याचा देवऋषी म्हनला, लगीन लावा, उतरंल."

मी म्हणाले, "हे लागीर नाही. पाळीआधी पुष्कळ जणींचं मन असं होतं. दुखणंही खरं असतं. ऊन वीट फडक्यात गुंडाळून पोटाशी धरू द्या. तरी राहिलं नाही तर दवाखान्यात दाखवू."

"आमाला बी दुखत व्हतं. आमी कुटं बोंबललो? अन् मागल्या महिन्यात तुमीच म्हनलात, पोरगी ढोंगी हाय. मंग आज कावून येगळं सांगता?"

म्हणाले होते. पोट धरून वाकलेल्या गंगूला मी वर्गात उभं केलं होतं. कॉलेजात शिकलेली मी. माझी पाळी थांबून वर्षं झाली आणि मी दुखणंच विसरले.

तुमच्या घरातल्या मुलीला कुठे, किती दुखतं, हे तुम्ही कधी विचारलंत का?

आईच्या हवाली केलं: पाटी, सरकारी सक्तीचं उर्दूचं पहिलं पुस्तक, अर्धं शिवलेलं झबलं आणि गंगू. नाव काढल्याच्या कागदावर आईने अंगठा उठवला.