खोट्या नाण्यांचं टेबल

त्यांना सगळे खुळखुळे म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण चालताना खिशातली नाणी वाजवायची त्यांची सवय इतकी जुनी होती की टेलिफोन कंपनीत नवीन आलेला साहेबसुद्धा पहिल्या आठवड्यात "अहो खुळखुळे" अशी हाक मारून मोकळा झाला, आणि खुळखुळे "ओ" देऊन मोकळे झाले.

काम होतं नाणं टाकून बोलायच्या फोनांचं. स्टेशन, कोर्ट, इस्पितळ, बाजार, जिथे जिथे भिंतीवर तसला फोन लटकलेला असे, तिथे खुळखुळे हत्यारांची पिशवी घेऊन जात. पेटी उघडायची, अडकलेलं काढायचं, तेल द्यायचं, रिसीव्हर कानाला लावून सूर ऐकायचा, की पुढचा फोन. एका जागी बसायचा प्रश्नच नव्हता, आणि तेच त्यांना मानवलं होतं.

मग ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला. भिंतीवरचे फोन एकेक करून उतरवले गेले, आणि उतरवायलाही खुळखुळ्यांनाच पाठवलं. शेवटचा उतरवून झाल्यावर कंपनीने हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. ते घड्याळ खुळखुळ्यांनी दुसऱ्याच दिवशी खोलून बघितलं.

तिथून घराचे दिवस फिरले. नळ चांगला चालला होता, तो उघडून गळता केला. मग गळता नळ दुरुस्त केला. इस्त्रीची वायर बदलली, दाराची कडी काढून उलटी बसवली. बायको घरीच पडदे शिवायची, तिच्या शिलाई मशीनलाही त्यांनी हात घातला, तेव्हा मात्र ती कडाडली.

"अहो, हात शिवशिवत असतील तर खाजवा. माझ्या मशीनला लावू नका."

"आवाज करत होतं."

"ते आवाज करतं म्हणजे चालू असतं!"

शेवटी एकदा बोलता बोलता खुळखुळ्यांनी तापलेली सोल्डरिंगची कांडी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि विसरले. ते टेबल नुसतं जेवणाचं नव्हतं. दिवसभर बायको त्याच्यावर कापड पसरून कापायची. वास आला तोवर भोक पडलं होतं, आणि नुसतं टेबलाला नाही, वर पसरलेल्या गिऱ्हाइकाच्या पडद्यालाही.

बायको ओरडली नाही. तिने पडद्याची घडी घातली आणि म्हणाली, "आता मला टेबल करून द्या."

ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

टेबल कसं करायचं हे सुचायला त्यांना वेळ लागला नाही. माळ्यावर पत्र्याचा एक डबा होता. फोनच्या पेटीत खरी नाणी पडत ती कंपनीची. पण ज्यांना कंपनी हात लावत नसे त्या वस्तू खुळखुळ्यांच्या. लोक काय काय टाकत! कानशीने घासून गोल केलेले वॉशर, दुसऱ्या देशांची नाणी, हातोडीने चपटी केलेली बाटलीची बुचं, जत्रेतल्या पाळण्याची टोकनं, कुठल्यातरी शर्यतीत मिळालेलं पदक, खोटे शिक्के. वर्षानुवर्षं ते सगळं डब्यात जमत गेलं होतं. ते फळीवर मांडायचं आणि वरून पारदर्शक रेझिन ओतायचं. काचेसारखा थर बसतो, त्याखाली नाणी दिसतात. हार्डवेअरच्या दुकानात तसला नमुना त्यांनी बघितला होता.

दुकानदाराने दोन डबे काउंटरवर ठेवले, एक रेझिनचा, एक ते घट्ट करणाऱ्या हार्डनरचा. "मापात मिसळा. फळी पाणसळ लावून सपाट करून घ्या. आणि काका, पातळ थर द्या. एक वाळू द्या, मग दुसरा. घाई केली की हे तापतं."

"तापतं म्हणजे?"

"म्हणजे स्वतःचं स्वतः तापतं. आग न लावता. घाई करू नका."

खुळखुळ्यांनी मान डोलावली. मान डोलावताना ते रस्त्यावर येऊन पोचलेही होते.

मागच्या खोलीत दोन स्टुलांवर फळी टाकून मांडामांड सुरू झाली. तपकिरीशेजारी पांढरं, मोठ्याशेजारी लहान. दोन तास बसत, उठत, सगळं विस्कटून पुन्हा मांडत. बायको दारात येऊन उभी राहिली.

"ही सगळी खोटी आहेत?"

"खोटीच."

"म्हणजे लबाडांच्या मालावर ताट ठेवून जेवायचं आपण? चांगली चकचकीत नाणी लावा की."

"चकचकीत नाण्यात बघायचं काय? सगळी सारखी. ह्याच्याकडे बघ." त्यांनी एक वॉशर उचलला. "कोर्टासमोरचा फोन. पक्का वकील असणार. कडा बघ कशी घासलीय, किती वेळ घातला असेल! तेवढ्या वेळात एखादी केस जिंकला असता."

ती हसली आणि आत आली. मग एकेक उचलून विचारू लागली, हे कुठलं, ते कुठलं, आणि खुळखुळे सांगू लागले. इतकी वर्षं संसार केला, पण दिवसभर हा माणूस काय करतो हे तिने असं कधी ऐकलं नव्हतं. त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. घरी येऊन सांगायला आधी घरी टिकावं लागतं.

एका कोपऱ्यात काळपट गोल चकत्यांचा लहानसा ढीग होता. तिने त्यातली एक हातात घेतली आणि अंगठा फिरवला. तिचा चेहरा बदलला.

"हे कुठलं?"

"इस्पितळाच्या लांब वऱ्हांड्यातला फोन. ह्या चकत्या तिथे फार यायच्या. प्रत्येक खेपेला."

"चकत्या नाहीत ह्या. बटणं आहेत. भोकं मेणासारखं काहीतरी भरून बुजवलीत, आणि कड घासलीय." तिने आणखी दोन उचलून उजेडात धरली. "बायकांच्या कोटाची. ही मोठी समोरची, ही बाहीची. अहो, एकाच कोटाची आहेत सगळी."

खुळखुळ्यांनी एक उचलून उलटून बघितलं. इतकी वर्षं डब्यात होती, त्यांना ती चकत्याच वाटली होती.

"आधी मोठी संपली असतील," ती म्हणाली, "मग बाहीची काढली. कधीचं हे? थंडीतलं?"

"थंडीतलंच. कंपनीने मला सांगितलं होतं, नाणं टाकायची फट अरुंद करणारा नवा पार्ट बसवा. पार्ट यायला उशीर झाला. आला तेव्हा मी गेलो बसवायला, तर पेटीत एकही चकती नव्हती. आधीच थांबल्या होत्या."

"का थांबल्या?"

"मला काय माहीत?"

"तिचं माणूस बरं होऊन घरी गेलं असेल."

"असेल. नाहीतर..."

"नाहीतर काही नाही," ती म्हणाली, आणि सगळी बटणं तिने स्वतः फळीच्या एका टोकाला, आपल्या बसायच्या बाजूला मांडली.

पण ते "नाहीतर" खुळखुळ्यांच्या डोक्यातून जाईना. बटणं संपली म्हणून थांबली का ती? बोलत कुणाशी होती? पलीकडून कुणी येणार होतं का? दोन-तीन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. खोलीत जात, बटणांकडे बघत, बाहेर येत. शेवटी एकदाचं हे झाकून टाकू, म्हणजे सुटू, असं त्यांनी मनाशी घेतलं, आणि बायको बाजारात गेली असताना दोन्ही डबे उघडले.

पाणसळ लावली नाही. पातळ थराचं तर लक्षातही राहिलं नाही. सगळंच्या सगळं एका बादलीत ढवळलं आणि ओतून दिलं.

पहिल्यांदा फार सुंदर दिसलं. पाण्याखाली ठेवल्यासारखी नाणी चमकायला लागली. खुळखुळे खूश होऊन फळीभोवती फिरले. मग त्यांना दिसलं की सगळं खिडकीकडच्या टोकाला ओघळतंय. तिकडचं स्टूल बुटकं होतं. ते उचलायला गेले, तर फळीची ती बाजू हाताला गरम लागली. बघता बघता चटका बसेल इतकी झाली. बुडबुडे आले, पिवळेपणा आला, धूर निघाला. वासाने डोळे चुरचुरले. त्यांनी खिडकी उघडली, ओला फडका टाकायला धावले, आणि तेवढ्यात कड् कड् असा आवाज झाला. खिडकीकडची निम्मी बाजू तडकून, भाजक्या साखरेसारखी होऊन बसली.

बायको जिन्यात होती. वास तिला खालीच आला होता. ती आत आली तेव्हा खुळखुळे चपला घालत होते.

"भाजलं का कुठे?"

"नाही."

"मग कुठे निघालात?"

त्यांनी दुसरी चप्पल पायात सरकवली. ते निघाले.

पायाला भिंगरी लावल्यासारखे ते हिंडले. सवयीने पाय जुन्याच वाटेला लागले. कोर्टासमोर आता जाहिरातीचा फलक होता. स्टेशनात फोनच्या जागी स्क्रूची भोकं नुसती, वरून रंग मारलेली. त्यांना ती दिसली, दुसऱ्या कुणाला दिसली नसती. दुपार कलली तेव्हा ते इस्पितळाच्या त्या लांब वऱ्हांड्यात उभे होते. फोनच्या जागी पिण्याच्या पाण्याचं यंत्र बसवलं होतं. समोर बाक होता. बाकावर एक बाई डबा मांडीवर घेऊन खिशातल्या फोनवर कुणाशीतरी बोलत होती, "नाही, अजून काही सांगत नाहीत. तू जेवलास का?" मग पुन्हा तेच.

पहारेकरी जवळ आला. "कुणाला भेटायचंय काका?"

"कुणाला नाही."

"मग?"

"इथे पूर्वी फोन होता."

"मी आल्यापासून तर नाही," पहारेकरी म्हणाला, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "बसा थोडं. पाणी घ्या."

खुळखुळे बसले. इतक्या वर्षांत ह्या वऱ्हांड्यात ते कधीही बसले नव्हते. वऱ्हांड्याकडे पाठ करून पेटीपुढे उभे राहायचे आणि निघायचे. बसल्यावर कळलं की वऱ्हांडा थंडगार आहे, खालून वारा येतो, आणि पायांना काही केल्या ऊब मिळत नाही. बाईचं बोलणं संपलं होतं. ती आता नुसतीच फोन हातात धरून बसली होती. दोघंही बसून राहिले. कुणीतरी आतून तिला हाक मारली आणि ती उठून घाईघाईने गेली. तिचं काय झालं, हेही खुळखुळ्यांना कधी कळणार नव्हतं.

घरी आले तेव्हा बायको मागच्या खोलीत होती. तिने खिडक्या सताड उघडल्या होत्या, आणि हातात शिवणाचा खडू घेऊन ती फळीवर वाकली होती.

"सगळं गेलं," खुळखुळे म्हणाले.

"सगळं कुठे गेलं? इकडची बाजू बघा. पातळ बसलीय आणि ठणठणीत आहे. तिकडचा तुकडा जळलाय, तेवढा कापा." तिने खडूने रेघ ओढली. "पडदा जळला तेव्हा मी काय केलं? त्या गिऱ्हाइकाला विचारलं, तुमच्याकडे छोटी खिडकी आहे का? होती."

"टेबल लहान होईल."

"माणसं किती आहेत घरात?"

वकिलाचा वॉशर जळक्या बाजूला होता, पदकही तिकडेच. बटणं तिच्या बाजूची, ती शाबूत होती.

लोखंड कापायच्या करवतीने रेघेवरून कापायला खुळखुळ्यांना कितीतरी दिवस लागले. रेघेत आलेली नाणी मधोमध चिरली गेली, पाती बोथट झाली, खांदे भरून आले. रात्री अंथरुणाला पाठ लागली की गाढ झोप लागायची, जी कित्येक महिन्यांत लागली नव्हती. कापून झाल्यावर पॉलिशपेपरने कड घासली. मग पुन्हा दुकानात गेले. दुकानदाराने त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"तापलं," खुळखुळे म्हणाले.

"सगळ्यांचं एकदा तापतं," दुकानदार म्हणाला आणि त्याने डबे काढले.

ह्या वेळी पाणसळ लावली. पातळ थर दिला. फुंकर मारून, बायकोचा केस वाळवायचा ड्रायर फिरवून बुडबुडे घालवले. आणि मग काही करायचं उरलं नाही. वाट बघायची. हे सगळ्यात कठीण. अर्ध्या तासात त्यांनी दोनदा दार उघडलं. तिसऱ्यांदा बोट लावलं, आणि बोटाचा ठसा उमटला. तेव्हा बायकोने खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली ब्लाउजच्या आत टाकली.

"फक्त बघतो."

"तुमचं बघणं मला माहितीय."

ते दाराबाहेर येरझारा घालत राहिले. नंतर दारालाच पाठ टेकून जमिनीवर बसले. ती समोरच शिलाई मशीनवर बसली होती. ती बोलत राहिली, गिऱ्हाइकांच्या तक्रारी, भावाचा फोन, कुठल्या रंगाचा दोरा मिळत नाही, आणि ते ऐकत राहिले. पाय मात्र सारखे हलत होते.

टेबल तयार झालं. दोन ताटं मावतील एवढंच, एका कडेला अर्धी कापलेली नाणी, आणि एक बोटाचा ठसा वरच्या थराखाली कायमचा. पडद्यांची गिऱ्हाइकं आली की आधी टेबलावर वाकत. बायको त्यांना सगळं सांगायची. बटणांपाशी आली की म्हणायची, "तिचा नवरा बरा झाला. पुढच्या थंडीत नवीन कोट घेतला तिने." खुळखुळे आतून ऐकत. पहिल्या वेळी ते बाहेर आले, तोंड उघडलं, आणि पाणी पिऊन परत आत गेले. त्यांचं समाधान त्याने झालं नाही. कधी कधी ताट बाजूला सरकवून ते त्या बटणांकडे बघत बसत. पण बसत.

एक गिऱ्हाईक बाई कपडे धुवायचं दुकान चालवायची, नाणं टाकून चालणाऱ्या मशीनचं. टेबल बघून ती म्हणाली, "आमचं एक मशीन नाणी गिळतं आणि फिरतच नाही. कंपनीवाले म्हणतात, टाकून द्या, कार्डाचं घ्या. पण कार्ड सगळ्यांकडे नसतं हो. तुम्ही बघाल का एकदा?"

खुळखुळ्यांनी बायकोकडे बघितलं. ती सुईत दोरा ओवत होती. "मला काय विचारता?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी माळ्यावरून हत्यारांची पिशवी काढली, झटकली, एक पाना गंजला होता तो तेलाने पुसला.

"जेवायला वेळेवर या," ती दारातून म्हणाली.

ते एव्हाना दोन मजले उतरून गेले होते. खालून "हो" असा आवाज आला.