पट्टीमागचं नाव

थेंबताईंना दिवस गेलेत, ही बातमी तिसऱ्या मजल्यावरच्या मामींनी सकाळी सोडली आणि दुपारपर्यंत ती तळमजल्याला पोचली. बावन्नाव्या वर्षी! पुरावा काय, तर गरगरीत गाल आणि पुढे आलेलं पोट. खोटं कशाला बोला, ऐकणाऱ्यांनी मिटक्या मारत ऐकली. पण बाळबीळ काही नव्हतं. होती ती सांधेदुखीची गोळी. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दहा दिवसांपुरती दिलेली. दुखणं असं पळालं, की बाई तीच जुनी चिठ्ठी दाखवून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून पट्ट्या आणत राहिल्या.

थेंबताई हे नाव कामावरून पडलेलं. अकरा वर्षं त्या प्रयोगशाळेत अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी सांभाळत होत्या. दर तिसऱ्या दिवशी बशांमधलं गुलाबी पाणी बदलायचं, वर मोजून थेंब सोडायचे. या पेशी म्हणजे नुकतीच दहावी झालेली पोरं. कुठल्या बाजूला जायचं ते ठरलेलं नसतं, संप्रेरकं ढकलतील तिकडे जातात. स्टेरॉइडचं बोट लावलं आणि सोबत नीट खाऊ दिला, तर हाड बनवणाऱ्या होतात. तेच स्टेरॉइड वाढवलं, जोडीला इन्शुलिन वगैरे घातलं, की त्यांच्या पोटात चरबीचे थेंब धरतात. ताईंना ते थेंब आवडायचे. "मोत्यांसारखे दिसतात," म्हणायच्या.

त्या सोमवारी बाहेरच्या खोलीत बसून त्यांनी स्टेरॉइडच्या नव्या बाटल्यांवर डकवायला अकरा चिठ्ठ्या लिहिल्या. अकराही वेळा एकच नाव. मग चहाबरोबर घ्यायला पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली, ती उलटी पडली. मागे बारीक अक्षरांत तेच नाव होतं.

चहा तसाच राहिला. ताई आत गेल्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मोती चमकत होते. आपल्या मांडीच्या हाडातही असेच मोती भरत असतील! त्यात पाळी जाऊन चार वर्षं झालेली. पेशींना हाडाकडे ओढणारं इस्ट्रोजेनही आटलेलं. इकडून ओढणारं गेलं आणि तिकडून ढकलणारं त्या स्वतःच गिळत होत्या!

"मॅडम, आजपासून बंद. एकही गोळी नाही," त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना म्हणाल्या.

"अजिबात नाही!" मॅडम खुर्चीतून उठल्याच. "दोन वर्षांत शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. एकदम थांबवलंत तर कोसळाल. आज डॉक्टर, आणि हाडांची तपासणी."

म्हणजे गोळी घ्यायची भीती, सोडायचीही भीती. रिपोर्ट यायला चार दिवस होते. त्या चार दिवसांत ताईंनी बादली उचलली नाही, खोकला आला तर बरगड्या धरून खोकल्या. न्हाणीघरात पाय टाकताना तर "अहो, इथेच उभे राहा" म्हणून नवऱ्याला दाराशी पहारा. तो बिचारा म्हणाला, "अगं, काचेची आहेस का?" त्यावर त्या रडल्याच. जिन्यावर कठडा दोन्ही हातांनी धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून उतरायच्या.

रिपोर्ट आला. हाडं विरळ झाली होती, पण कुठे मोडलेली नव्हती. डॉक्टरांनी गोळी हळूहळू उतरवायचा तक्ता दिला, हाडांसाठी औषध दिलं आणि रोज चालायला सांगितलं. ताईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. भीतीची काही घडी होईना.

संध्याकाळी त्या जिना चढू लागल्या, तर वर मामी कठड्याला रेलून उभ्या. नजर थेट पोटावर.

"काय हो, तपासून आलात म्हणे? मग, आहे का काही गोड बातमी?"

ताईंनी कठडा दोन्ही हातांनी धरून पुढची पायरी घेतली.

"बाळ नाही मामी, मीच नव्यानं चालायला शिकतेय. तेवढा कठडा सोडा."