तुमच्याकडे येतंय का?

आमच्याकडे इंटरनेट चालू होतं. एवढं साधं वाक्य मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही.

रविवारी सकाळी बेल वाजायची. दारात काका. दाढी घोटून केलेली, इस्त्रीचा शर्ट, खाली मात्र पायजमा. उजव्या तळहातावर उघडा लॅपटॉप, आरतीचं तबक धरावं तसा. बॅटरी केव्हाच मेलेली, म्हणून एक्स्टेन्शनची लांब वायर शेपटीसारखी त्यांच्या घरापासून आमच्या दारापर्यंत आलेली.

"काय इंजिनेर, तुमच्याकडे येतंय का?"

हा प्रश्न दिल्लीतल्या सरोजिनी नगरचा. तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये लाइट गेली की माणसं मेणबत्ती नंतर शोधत, आधी जिन्यात येऊन समोरच्याला विचारत, "तुमच्याकडे आहे का?" त्याच्याकडेही नसली की हायसं वाटायचं. तुम्ही क्वार्टरमध्ये राहिला असाल तर तुम्हालाही आठवेल. आमच्या जिन्यात हा प्रश्न सगळ्यांत मोठ्याने काका विचारत. त्यांचा मिलिंद आणि मी त्याच जिन्यात वाढलो. पुढे गुडगावात टॉवर उभे राहिले, कर्ज काढून मी एक फ्लॅट घेतला, आणि निवृत्तीचे पैसे घालून काकांनी समोरचा घेतला. म्हणाले, "दार उघडल्यावर ओळखीचं तोंड दिसलं पाहिजे. नाहीतर बिल्डिंग काय, फाइलींचं कपाट."

काकू गुडगाव बघायला राहिल्या नाहीत. मिलिंद कॅनडाला. एकटे काका घरात बसतच नसत. नळ आवळायचे, नको असताना पडदे काढून पुन्हा लावायचे, लिफ्ट का अडकते म्हणून गार्डशी हुज्जत घालायचे. चहासुद्धा उभ्याने. मी म्हणायचो, "काका, बसा की." "बसायला पेन्शन देतात का रे?"

मिलिंद दर रविवारी फोन करायचा. सगळं ठीक म्हणायचा. काकांना ते पटत नसे. "फोनवरचं 'ठीक' म्हणजे सरकारी उत्तर. मी जन्मभर तेच लिहून पाठवलंय. मला तोंड बघू दे त्याचं." म्हणून त्यांना घरात ब्रॉडबँड हवं होतं, आणि मिलिंदने मागे ठेवलेला जुना लॅपटॉप सुधारून हवा होता. निवड मी करायची, कारण मी कंपनीत नेटवर्क सांभाळायचो.

त्याच आठवड्यात मिलिंदचा मला ऑफिसात फोन आला. "यार, बाबांचा व्हिडिओ बिल्कुल चालू नको करूस. बायको मुलीला घेऊन वेगळी झाली. मी एका तळघरात राहतो. बाबांनी बघितलं तर संपलंच. थोडे दिवस काहीतरी कर. मी सांगेन त्यांना." मी हो म्हणालो. कसं करणार, हे त्याने कधी विचारलं नाही.

काकांना घेऊन मी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. लॅपटॉपमध्ये मेमरी घातली, ढिली बिजागरी बदलली. तोवर स्क्रीनच्या पाठीशी लोणच्याची बरणी असायची. राउटर घेताना मी साधा, दोन अँटेनांचा दाखवला, तर काका दुकानदाराला म्हणाले, "ये तो दो सींग का है. तीन सींगवाला निकालो. दूर देखना है."

"अंकल, कितना दूर?"

"कॅनडा."

दुकानदार हसला. मीही हसलो. घरी येऊन तीन शिंगांचा राउटर जोडला, आणि काका चहा टाकायला आत गेले तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन त्यांच्या लॅपटॉपचा वेग इतका आवळला की आवाज जेमतेम पोचेल, चित्र नाही.

मग ते रविवार सुरू झाले. मिलिंदचा आवाज यायचा, स्क्रीन काळी. काका राउटर फ्रिजवर ठेवून बघत, देव्हाऱ्याशेजारी ठेवून बघत, शिंगं वळवत. शेवटी आमची बेल.

"नाही काका, आमच्याकडेही नाही. लाइनच खराब आहे."

"मग ठीक. सगळ्यांचंच गेलंय म्हणजे काळजी नाही."

मी मिलिंदला फोन करायचो, सांगून टाक आता. तो म्हणायचा, पुढच्या महिन्यात नक्की. मुलीला भेटायची परवानगी मिळू दे, चांगली खोली मिळू दे. त्याचंही खोटं नव्हतं. काकांना बघून मला घरात बसवेना. रविवारी मी गाडी धुवायला खाली जाऊ लागलो, तर ते शेपूट तिथेच सोडून, नुसता बंद लॅपटॉप घेऊन लिफ्टने खाली यायचे.

एकदा मी दार उघडलं आणि आत माझा मुलगा कॉम्प्युटरवर मॅच बघत होता. कॉमेंट्री स्पष्ट ऐकू येत होती. मी नेहमीचं उत्तर दिलं. काकांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं.

"टीव्ही असेल," ते स्वतःच म्हणाले, आणि वायर गुंडाळत परत गेले.

हे वाक्य मला अजून स्वस्थ बसू देत नाही. ते फसले होते, की मला सोडवत होते?

त्या थंडीत काका गेले. न्यूमोनियाचं निमित्त झालं. मिलिंद दुसऱ्या दिवशी पोचला. तो यायच्या आधी मी किल्लीने त्यांचं घर उघडलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर सेटिंगमधली ती गाठ सोडली. तेव्हा पाहिलं, लॅपटॉपसमोरची खुर्ची त्यांनी अशी लावली होती की मागे काकूंचा फोटो दिसावा.

दिवसकार्य आटोपल्यावर मिलिंदने त्याच लॅपटॉपवरून मुलीला फोन लावला. चित्र लगेच आलं. दोन वेण्या, पडलेला दात.

"किती साफ येतंय रे," मिलिंद म्हणाला. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

पोरगी म्हणाली, आजोबांचं घर दाखव. त्याने लॅपटॉप तळहातावर घेतला आणि स्वयंपाकघर, देव्हारा, गॅलरी असा फिरत राहिला. मागे वायर सरपटत होती.

काकांना मी एक उत्तर देणं लागतो. हो काका, आमच्याकडे येत होतं.