लिफ्टच्या दारात आडवी ट्रॉली

अपघात विभागातल्या नर्स ताईंना रक्ताची किळस कधी आलीच नाही. तीस वर्षांत रक्त, ओकारी, पिचलेली बोटं, सगळं त्यांनी घरच्या पसाऱ्यासारखं आवरलं. किळस यायची ती हात झटकणाऱ्यांची. आणि इस्त्रीच्या कोटातले असे हात त्यांच्या रुग्णालयात उदंड होते.

त्या दुपारी मोटारसायकलने उडवलेली आठ महिन्यांची गरोदर बाई आली. मांडी फाटलेली, मानेला पट्टा, पाठीखाली फळी. तरुण डॉक्टरांनी पोट पाहिलं आणि ते दोन पावलं मागे सरले, जणू ते पोट चावणार होतं.

"ही बाळंतपणाची केस. वर न्या."

तिसऱ्या मजल्यावर प्रसूतीच्या मॅडमनी मांडी पाहिली. "हिला मार लागलाय. आधी खालून बरी होऊन येऊ दे."

"मग बाळ काय जिन्यात ठेवायचं, मॅडम?" ताईंनी विचारलं. मॅडम फोनवर होत्या.

खाली येताना लिफ्टमध्ये नवरा म्हणाला, "सिस्टर, ही बोलत नाहीये."

नाडी हाताला जेमतेम लागत होती. उताणं झोपवलं की पोटाचा भार आतल्या मोठ्या शिरेवर पडतो, रक्त हृदयाकडे परतत नाही. ताईंनी ब्लँकेटची जाड घडी फळीच्या उजव्या कडेखाली सारली आणि बाईला फळीसकट डावीकडे कलती केली. लिफ्ट उघडली. ट्रॉली अपघात विभागात नेली असती तर डॉक्टरांनी ती पुन्हा वर धाडली असती. ताईंनी ती दारातच आडवी लावली, तिथेच ऑक्सिजन आणि सलाइन सुरू केलं.

"ताई, लिफ्ट अडलीय. साहेब लोक बोंबलतील," वॉर्डबॉय कुजबुजला.

"बोंबलायला तरी येतील ना."

आले. विभागातून डॉक्टर, जिन्यावरून मॅडम. पेशंटसाठी जे पाय हलले नाहीत, ते लिफ्टसाठी धावले. मॅडमना तर धाप लागली होती.

"काय तमाशा मांडलाय हा?"

"दोघं एका जागी भेटलात, बरं झालं. आधी आई. ती जगली तर बाळ. रक्त मागवलंय. करा सुरुवात."

आजूबाजूला माणसं जमली होती, म्हणून सुरुवात झाली. डॉक्टरांनी जखम दाबून बांधली. मॅडमनी पोटावर छोटं यंत्र टेकवलं. खरखर, मग धडधड, चांगली दुडक्या चालीची. बाईने डोळे उघडले.

"बाळ?"

"आहे. तुमच्यापेक्षा धडधाकट."

"बघा, टीमवर्क," डॉक्टर घाम पुसत म्हणाले.

ताईंनी त्यांच्याकडे दुधात पडलेल्या पालीकडे बघावं तसं पाहिलं.

"हो ना," त्या म्हणाल्या. "मग ट्रॉलीही दोघांनीच ढकला. ऑपरेशन थिएटर उजवीकडे आहे. माहीत नसेल म्हणून सांगितलं."